हुकूम ऐकणाऱ्या पेशी

बल्लारपूरच्या सागवान आगारात ज्याने कधी एखादी सकाळ काढली असेल, त्याला आलापल्लीच्या रानातून आलेल्या ओंडक्यांच्या त्या लांबच लांब थप्प्या, ओल्या सालीचा वास, आणि ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर, नेमका वाढीच्या वलयांवरच, वनखात्याच्या हातोड्याने उमटविलेला ठसा खचित आठवत असेल. असा ओंडका मालमोटारीवर चढून वाटेतल्या नाक्याशी येतो तेव्हा नाकेदार लाकडाची प्रत पाहत नाही की मालकाचा रुबाब पाहत नाही. हातातला वाहतूक परवाना आणि लाकडावरचा ठसा यांची तो रुजुवात घालतो, आणि दोन्ही जुळले तरच आडवा बांबू वर जातो. परवाना कितीही मोठ्या अंमलदाराच्या सहीचा असो, तो वाचणारा माणूस नाक्यावर बसलेला नसेल तर त्या कागदाने काहीही घडत नाही. आईच्या उदरात मुलाचे वृषण कसे घडते या प्रश्नाचे जे उत्तर गेल्या शतकात शास्त्रज्ञांनी कष्टाने शोधून काढले, त्याचा गाभा, माझ्या समजुतीप्रमाणे, याच जोडीत आहे: एक हुकूम, आणि दुसरा तो ऐकणारा. आपण सारे हुकमाचेच कौतुक करीत आलो. ऐकणाऱ्याची दखल फार उशिरा घेतली गेली, आणि म्हणून या प्रकरणात मी त्याच्याकडेच अधिक वेळ थांबणार आहे.

शरीरातील हुकूम दोन तऱ्हेचे असतात. जिल्ह्याच्या कचेरीतून निघालेला हुकूम जसा दूरच्या गावापर्यंत जातो, तसे काही हुकूम एका ग्रंथीत निघून रक्ताच्या वाटेने सगळ्या देहभर फिरतात. त्यांना आपण संप्रेरके म्हणतो. काही मात्र एका पेशीने आपल्या शेजारच्या पेशीला कुंपणावरून सांगितलेल्या निरोपासारखे असतात, त्यांची मजल काही पेशींच्या अंतरापलीकडे क्वचितच जाते. त्यांना वृद्धिकारक घटक असे नाव आहे, जरी त्यांतील कित्येक वाढविण्याबरोबर थांबविण्याचे, वळविण्याचे आणि प्रसंगी मारण्याचेही काम करतात. हे दोन्ही ज्याला येऊन बिलगतात ते प्रथिन म्हणजे ग्राही. बहुतेक ग्राही पेशीच्या पटलात रुतलेले असतात, एक तोंड बाहेर आणि एक आत. टेस्टोस्टेरॉनसारखी मेदात विरघळणारी संप्रेरके मात्र पटलातून सहज आत शिरतात, त्यामुळे त्यांचा ग्राही पेशीच्या आतच वाट पाहत असतो आणि संप्रेरक हाती आले की त्याला घेऊन केंद्रकात जातो. ज्या पेशीत ग्राही नाही तिच्या दारावरून संप्रेरकाचा पूर वाहून गेला तरी तिला त्याची वार्ता नसते.

आता मूळ कथेकडे वळू. पुढे जे आठवडे सांगितले आहेत ते गर्भधारणेपासून मोजलेले आहेत. दवाखान्यातील हिशेब शेवटच्या पाळीपासून असतो, म्हणून तो सुमारे दोन आठवड्यांनी पुढे असतो, एवढे ध्यानात ठेवले की घोटाळा होणार नाही.

पाचव्या आठवड्यात गर्भाची लांबी ज्वारीचे दोन दाणे शेजारी ठेवावेत एवढीच असते. त्याच्या पाठीच्या आतल्या अंगाला, ज्या ठिकाणी तात्पुरते मूत्रपिंड काम करीत असते त्याच्या लगत, दोन्ही बाजूंना पेशींचा एक एक कंगोरेदार उंचवटा उठतो. हे उंचवटे म्हणजे भावी जननग्रंथी. पण त्या वेळी ते वृषणही नसतात आणि बीजकोशही नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली कितीही निरखून पाहिले तरी मुलाचा उंचवटा आणि मुलीचा उंचवटा यांत भेद सापडत नाही. इतकेच नव्हे, तर प्रत्येक गर्भापाशी, मग तो पुढे मुलगा होवो की मुलगी, दोन्ही प्रकारच्या नलिका तयार असतात: कास्पार वुल्फने १७५९ साली ज्या संरचनेचे वर्णन केले तिच्याशी निगडित असलेली वुल्फ नलिका, जिच्यापासून पुरुषाच्या शुक्रवाहिन्या होतात, आणि योहानेस म्युलरने १८३० साली वर्णिलेली म्युलर नलिका, जिच्यापासून स्त्रीचे गर्भाशय आणि गर्भनलिका होतात. निसर्गाने दोन्ही घरांची सामग्री एकाच अंगणात आणून ठेवलेली असते.

या उंचवट्यांत ज्या पेशी पुढे शुक्राणूंच्या पूर्वज होणार, त्या मुळात तिथल्या रहिवासी नव्हेतच. चौथ्या आठवड्यात त्या गर्भाबाहेर, पीतककोशाच्या भिंतीत दिसतात, आणि तेथून निघून, पश्चांत्राच्या भिंतीच्या आधाराने, आतड्याला पाठीशी बांधणाऱ्या पडद्यातून वर सरकत, पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्या उंचवट्यांत मुक्कामाला येतात. वाट त्यांना कोण दाखवितो? वाटेवरच्या पेशी एक वृद्धिकारक घटक प्रकट करतात, आणि प्रवासी पेशींच्या अंगावर त्याचा ग्राही असतो. त्या ग्राहीला किट असे लहानसे नाव आहे. जिथे निरोप मिळतो तिथे प्रवासी पेशी जगते, वाढते आणि पुढे सरकते. जिथे मिळत नाही तिथे ती मरते, आणि ही तजवीज आवश्यकच आहे, कारण वाट चुकलेली बीजपेशी भलत्या जागी राहून पुढे अर्बुदाचे मूळ होऊ शकते. याच किट ग्राहीच्या आधाराने त्वचेचा रंग निर्माण करणाऱ्या पेशीही आपापल्या जागी पोहोचतात. म्हणूनच या ग्राहीच्या जनुकात दोष असलेल्या काही कुटुंबांत जन्मतःच कपाळावर पांढरी बट आढळते. केसांतील एक पांढरी बट आणि बीजपेशींचा प्रवास यांचा संबंध एका ग्राहीने जोडावा, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ स्वस्थ बसलो होतो.

मग सहावा आठवडा संपता संपता, सुमारे एकेचाळिसाव्या दिवशी, मुलाच्या उंचवट्यात पहिला हुकूम सुटतो. तो वाय गुणसूत्रावरील एसआरवाय नावाच्या जनुकाचा. हे जनुक लंडनमधील पीटर गुडफेलो आणि रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या गटांनी, अँड्र्यू सिंक्लेअर प्रभृतींच्या हातून, १९९० साली शोधले; त्यापासून बनणारे प्रथिन अवघ्या २०४ अमिनो आम्लांचे. पुढच्याच वर्षी उंदराच्या मादीच्या भ्रूणात तेवढाच तुकडा घालून तिचा नर झालेला दाखविण्यात आला आणि शंकेला जागा राहिली नाही. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरे आपल्या महाराष्ट्रात अजून आहेत. त्या घरांतील वडीलधाऱ्यांना हे एक वाक्य कोणीतरी शांतपणे वाचून दाखवावे, की हे जनुक असलेच तर ते केवळ पित्याकडून येते, आईपाशी ते देण्यासाठी नसतेच.

या जनुकाच्या मागावर आपल्याकडेही काम झाले आहे, याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. मुंबईत परळ येथे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची प्रजनन आरोग्याला वाहिलेली राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तेथील दीपक मोदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसआरवायचा संदेश मानवी वृषणात कोणत्या वयात आणि नेमका कोणत्या पेशींत आढळतो याचा माग काढून तो निबंध २००५ साली प्रसिद्ध केला, आणि शुक्राणूंमध्येही तो संदेश सापडत असल्याचे नोंदविले. त्याच संस्थेच्या संचालक राहिलेल्या स्मिता महाले यांनी एफएसएच या संप्रेरकाच्या ग्राहीची रचना आणि कार्य यांवर वर्षानुवर्षे अभ्यास केला. गिरणगावाच्या मध्यभागी, जिथे एके काळी सूतगिरण्यांचे भोंगे वाजत, तिथे बसून माणसे इतक्या सूक्ष्म नाक्यांची तपासणी करीत आहेत ही गोष्ट आपल्या शाळांतील मुलांच्या कानी पडावयास हवी.

एसआरवायचा हुकूम मात्र अल्पजीवी असतो. तो फक्त एका दुसऱ्या जनुकाला, सॉक्स-९ ला, जागे करतो. आणि नंतर हे जागेपण टिकविण्याचे काम वृद्धिकारक घटकांकडे जाते. इथे शेजाऱ्यांच्या निरोपांचे महत्त्व प्रथमच स्पष्ट दिसते. सॉक्स-९ जागे झालेली पेशी एफजीएफ-९ नावाचा घटक बाहेर सोडते. तो शेजारच्या पेशींच्या ग्राहींवर बसला की तिथेही सॉक्स-९ टिकून राहते. त्या पेशी पुन्हा एफजीएफ-९ सोडतात, आणि अशा रीतीने वणव्याप्रमाणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ग्रंथीचा निर्णय पसरतो. त्याच वेळी बीजकोशाच्या बाजूने ओढणारा डब्ल्यूएनटी-४ हा घटक दबला जातो. उंदरांत एफजीएफ-९ काढून टाकले तर वाय गुणसूत्र शाबूत असूनही वृषण होत नाही. त्याहून नवल म्हणजे, आपण ज्याला केवळ मधुमेहाच्या संदर्भात ओळखतो त्या इन्सुलिनच्या कुळातील तिन्ही ग्राही एकाच वेळी काढलेल्या नर उंदराच्या भ्रूणात वृषणाऐवजी बीजकोश घडू लागतो, हे २००३ साली दिसून आले. म्हणजे ‘वाय गुणसूत्र आहे म्हणून मुलगा’ हे आपले सोपे वाक्य अर्धेच खरे आहे. वाय गुणसूत्र ही सनद झाली. ती घेऊन जाणारे, वाचणारे आणि तिची तामिली करणारे शेकडो हात वेगळे.

विद्यार्थिदशेत मी एकदा चौदा-पंधरा आठवड्यांच्या गर्भाच्या वृषणाचा काचपट्टीवरील छेद पाहिला होता, आणि तो आजही डोळ्यांसमोर आहे. फिक्या गुलाबी भूमीवर गोल आणि लंबगोल बेटे. प्रत्येक बेटाच्या कडेने अगदी दाटीने उभ्या असलेल्या सर्टोली पेशींची केंद्रके. बेटाच्या मध्यभागी मोठ्या, स्वच्छ, जणू पाण्याने भरलेल्या बीजपेशी. आणि बेटाबेटांच्या दरम्यान, रिकामी जागा म्हणून न ठेवता, ठसठशीत गुलाबी रंगाच्या लायडिग पेशींची खच्चून गर्दी. या वयात लायडिग पेशी ग्रंथीचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापतात. पुन्हा तेवढा जोर त्यांना तारुण्याच्या उंबरठ्यापर्यंत येत नाही. ही बेटेही आपोआप होत नाहीत. सर्टोली पेशी डेझर्ट हेजहॉग हा घटक सोडतात, लायडिग पेशींचे पूर्वज आपल्या ग्राहीने तो ऐकतात आणि लायडिग होतात. पीडीजीएफ हा दुसरा घटक दोरीसारख्या पेशीरज्जूंची बांधणी आणि लायडिग पेशींची भर या दोहोंत हात लावतो. सर्टोली पेशींचे वर्णन एन्रिको सर्टोली या इटालियन विद्यार्थ्याने १८६५ साली केले, आणि लायडिग पेशींचे फ्रांट्स लायडिग याने १८५० साली. त्या दोन पेशी एकमेकींशी बोलतात हे मात्र कळावयास दीड शतक जावे लागले.

वृषण झाले, आता त्याने उरलेल्या देहाला काय सांगावे? याचे उत्तर ज्या प्रयोगाने मिळाले तो आल्फ्रेड जोस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाचा प्रयोग मला या संपूर्ण विषयातील सर्वांत सुंदर वाटतो. त्याने सशाच्या मादीच्या उदरातील गर्भांवर अतिशय नाजूक शस्त्रक्रिया करून त्यांच्या जननग्रंथीच काढून टाकल्या, आणि गर्भ वाढू दिले. १९४७ साली त्याने जे जाहीर केले ते असे, की ग्रंथी काढलेले सर्व गर्भ, मग त्यांचे गुणसूत्र काहीही असो, मादीच्या वळणाने वाढले. मग त्याने ग्रंथीच्या जागी टेस्टोस्टेरॉनचा स्फटिक ठेवून पाहिला. तेव्हा वुल्फ नलिका टिकल्या खऱ्या, पण म्युलर नलिका विरल्या नाहीत. यावरून त्याने तर्क केला की वृषणातून दोन वेगळे हुकूम निघतात, एक राखण्याचा आणि एक पुसण्याचा. हा दुसरा हुकूम म्हणजे सर्टोली पेशींतून सातव्या-आठव्या आठवड्यात सुटणारे म्युलर नलिकारोधी संप्रेरक, ज्याला आज वैद्यकात एएमएच म्हणतात. त्याचा स्वतंत्र ग्राही म्युलर नलिकेभोवतीच्या पेशींवर असतो, आणि तो ठराविक दिवसांतच ऐकतो. ती मुदत टळली की कितीही एएमएच आले तरी नलिका दाद देत नाही. आज शहरांतील वंध्यत्व-चिकित्सेत स्त्रीच्या रक्तातील एएमएच मोजून बीजांडांचा शिल्लक साठा अजमावतात. तेच हे संप्रेरक.

राखण्याचा हुकूम लायडिग पेशींचा, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा. आणि इथे मला एका साध्या वस्तूकडे वळावेसे वाटते. एखाद्या गावात आशाताई ‘निश्चय’ची पट्टी घेऊन येते, थेंब टाकते, आणि दुसरी तांबूस रेघ उमटली की घरात कुजबूज सुरू होते. ती रेघ ज्या द्रव्यामुळे उमटते ते एचसीजी नावाचे संप्रेरक. ते वारेतून निघते; आणि वारेला आपण आईची वस्तू मानीत असलो तरी तिचा हा भाग त्याच फलित बीजापासून, म्हणजे बाळापासूनच झालेला असतो. पट्टी टाकून दिल्यानंतर त्या द्रव्याचे काम संपत नाही. ते वाढत जाते, आठव्या आठवड्याच्या सुमारास परमावधीस पोहोचते, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुलाच्या वृषणात नव्याने उभ्या राहिलेल्या लायडिग पेशींच्या अंगावर एलएच या पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरकाचा ग्राही दिसू लागतो. एचसीजी या ग्राहीवर बसते आणि टेस्टोस्टेरॉन निघू लागते. मुलाच्या मेंदूतील पीयूषिका ग्रंथी या वेळी हुकूम देण्यास समर्थ झालेलीच नसते. ती कारभार हाती घेते तोवर वारेने मधला काळ सांभाळलेला असतो. मुलीच्या वारेतूनही एचसीजी तितकेच निघते, पण तिच्या बीजकोशात त्या वेळी ते ऐकणारा कोणी नसतो. दोन बाळे, दोघांच्या रक्तात एकच हुकूम, आणि केवळ ऐकणाऱ्याच्या असण्या-नसण्याने दोन वेगळी आयुष्ये.

टेस्टोस्टेरॉन पुढे वुल्फ नलिकेला राखते. बाह्य अवयव घडवण्यासाठी मात्र तेवढे पुरत नाही. तेथील पेशी एका विकराच्या साहाय्याने त्याचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रबळ रूपात परिवर्तन करतात, आणि नवव्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत मुलाचा बाह्य आकार सिद्ध होतो.

ज्यांच्यात ऐकणारा नाही, त्यांच्याबद्दल मी अत्यंत आदराने लिहू इच्छितो, कारण त्यांच्याविषयी समाजात जेवढे कुचेष्टेने बोलले जाते तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणाविषयी बोलले जात असेल. टेस्टोस्टेरॉनच्या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्यात मोठा दोष असेल तर वाय गुणसूत्र आहे, वृषण आहे, टेस्टोस्टेरॉनही भरपूर आहे, पण एकही पेशी ते ऐकत नाही. बाळ मुलगी म्हणून जन्मते, मुलगी म्हणून वाढते, आणि पाळी आली नाही म्हणून किंवा लहानपणी दोन्ही जांघांत हर्निया दिसला म्हणून तपासणी होते, तेव्हाच हे उमगते. एएमएच किंवा त्याचा ग्राही बिघडला तर याच्या उलट प्रसंग: हर्नियाची शस्त्रक्रिया करताना पुरुषाच्या पोटात लहानसे गर्भाशय सापडते, आणि शल्यवैद्य क्षणभर थांबतो. एलएच ग्राहीच नसेल तर लायडिग पेशी वाढतच नाहीत. या कुटुंबांनी काही पाप केलेले नाही, गरोदरपणी कोणी ग्रहण पाहिलेले नाही. एका प्रथिनातील एखाद्या अक्षराचा हा फरक आहे. ज्या घरात असे मूल आहे त्या घराला नाव ठेवण्याआधी शेजाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ऐकू न येणे हा मात्र नेहमीच दोष नसतो. कधी ती योजनाही असते. गर्भाच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन एवढे दाटलेले असताना शुक्राणू का तयार होत नाहीत? कारण सर्टोली पेशींत त्या वेळी टेस्टोस्टेरॉनचा ग्राही उमटलेलाच नसतो. तो बालपणात हळूहळू येतो, आणि पौगंडावस्थेत तो पुरता कार्यक्षम झाला की सर्टोली पेशी एएमएच सोडणे कमी करतात आणि शुक्राणूंचे काम सुरू होते. गर्भाच्या वृषणात स्त्री-संप्रेरक समजल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनचा बीटा प्रकारचा ग्राही असतो, आणि चेतातंतूंना जोपासणाऱ्या न्यूरोट्रोफिनांचे ग्राहीही एडिनबरा येथील संशोधकांना तेथे आढळले. त्यांचे तेथील कार्य काय, याचा शोध अजून चालू आहे.

आता वृषणाच्या प्रवासाकडे. ही ग्रंथी ज्या जागी जन्मते, ती जागा मूत्रपिंडापाशी. जिथे तिला आयुष्य काढावयाचे, ती जागा पोटाबाहेरच्या थंड पिशवीत, कारण शुक्राणू घडण्यासाठी देहापेक्षा दोन-चार अंशांनी कमी उष्णता लागते. वृषणाला खाली आणणाऱ्या दोरीसारख्या बंधाचे वर्णन जॉन हंटरने १७६२ साली केले आणि त्याला ‘सुकाणू’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले. हा बंध दहाव्या ते पंधराव्या आठवड्यात फुगून वृषणाला जांघेच्या वरच्या दारापाशी धरून ठेवतो. त्याचा हुकूम लायडिग पेशींतूनच निघणाऱ्या, इन्सुलिनच्या दूरच्या नात्यातल्या आयएनएसएल-३ या संप्रेरकाचा, आणि त्याचा ग्राही त्या बंधातच. पुढचा टप्पा पंचविसाव्या ते पस्तिसाव्या आठवड्यातला; त्यात टेस्टोस्टेरॉन आणि जांघेतील चेतातंतू यांचा वाटा मोठा असतो. वृषण उतरते तेव्हा आपल्याबरोबर उदराच्या अस्तराची एक घडीही खाली ओढून आणते.

जन्मस्थानाच्या खुणा मात्र ते आयुष्यभर बाळगते. त्याची धमनी अजूनही मूत्रपिंडाच्या किंचित खाली महाधमनीतून निघते. त्याच्या लसवाहिन्या अजूनही पाठीच्या कण्याजवळच्या गाठींकडे जातात. चंद्रपूर-बल्लारपूरकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, कोळसा खाणीतल्या किंवा कागद कारखान्यातल्या एखाद्या कामगाराला मुतखड्याची कळ येते, आणि ती कमरेतून निघून थेट वृषणात उतरते. दोन्ही अवयवांना एकाच उंचीवरून चेतातंतू मिळाल्याची ही साक्ष. आणि त्या अस्तराच्या घडीची साक्ष आमच्या भागात तर अधिकच करुण आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे हत्तीरोगाचे. क्युलेक्स डासाने आणलेल्या कृमीमुळे वृषणाभोवतीच्या लसवाहिन्या निकामी होतात, आणि गर्भावस्थेच्या सातव्या महिन्यात खाली आलेल्या त्या घडीच्या पोकळीत पाणी साचू लागते. गावकरी तिला अंडवृद्धी म्हणतात. धोतराच्या घोळात ती लपवून शेतावर जाणारी, लाजेपायी दवाखाना टाळणारी माणसे मी पाहिली आहेत. साधी शस्त्रक्रिया त्यांना पुन्हा ताठ चालायला लावू शकते. दरवर्षी हत्तीरोगाच्या गोळ्या आशाताई समोर उभी राहून गिळायला लावते तेव्हा तिला टाळू नये.

वृषण खाली उतरले नाही, असा प्रकार पूर्ण दिवसांच्या मुलांत शंभरात सुमारे तिघांत आढळतो, अपुऱ्या दिवसांच्या मुलांत मात्र शंभरात तिसांपर्यंत. आणि ते स्वाभाविकच आहे, कारण उतरण्याचा दुसरा टप्पाच पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत चालतो. जन्मल्यानंतर एक ते सहा महिन्यांच्या दरम्यान मुलाची पीयूषिका पुन्हा एकदा जोराने एलएच सोडते आणि टेस्टोस्टेरॉनची एक लाट येते. या काळात राहून गेलेली पुष्कळ वृषणे खाली येतात, आणि उतरलेल्या वृषणातील बीजपेशी पुढील रूपात बदलतात. जे वृषण वर, उष्ण जागेत राहिले, त्यातील बीजपेशींना हे रूपांतर नीट साधत नाही. म्हणून सहा महिन्यांनंतरही ते खाली नसेल तर अधिक वाट पाहण्यात अर्थ उरत नाही, आणि वर्षाच्या आत, फार तर दीड वर्षापर्यंत, शस्त्रक्रियेने ते जागेवर आणावे असा आजचा दंडक आहे. पूर्वी यासाठी एचसीजीची टोचणी देत. पण त्यांचा गुण फार थोड्यांना येतो. उशिरा आणलेल्या वृषणाची शुक्राणू घडविण्याची शक्ती घटते आणि तरुणपणी त्यात कर्करोगाची शक्यता वाढते. आमच्याकडे मात्र कित्येक मुले शाळेत जाऊ लागल्यावर, कधी लग्न ठरल्यावर, बल्लारशाहच्या फलाटावरून सेवाग्राम किंवा नागपूरची गाडी धरताना मी पाहिली.

याच गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून काम सुरू केले, आणि १९९० नंतरच्या दशकात ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना शिकवून, नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे फळ १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे तीच पद्धत आशाताईंच्या हाती देशभर गेली. आज आशाताई बाळ ४२ दिवसांचे होईपर्यंत ठराविक दिवशी घरी येते, आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही. तिसरा आणि सहावा महिना म्हणजे ती टेस्टोस्टेरॉनची लाट चढण्याचा आणि ओसरण्याचा काळ. त्या भेटीत वजनाबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी, असे मला मनापासून वाटते.

ती पाहणे अवघडही नाही. थंड हाताने तपासले तर लहान मुलाचे उतरलेले वृषणही आक्रसून वर जाते आणि चूक होते. सकाळी, कारखान्याचा भोंगा वाजून गेल्यावर, अंगणात पाय पसरून बसलेल्या आजीच्या पायांवर बाळ असते, कोमट तेल लावून झालेले असते, गरम पाण्याचा तांब्या बाजूला असतो. त्या क्षणी तिची ऊबदार बोटे जांघेतून खाली सरकतात, दोन्ही बाजूंना एक एक वाटाण्याएवढी गोळी लागते की नाही हे तिला कोणत्याही यंत्राच्या आधी कळते. नाही लागली, तर ती सुनेला म्हणते, “एक गोळी हाताले लागत नाई जी,” आणि सून ते आशाताईला सांगायचे ठरवते.